मुलांना घेऊन जर्मनीत: पहिल्या सहा महिन्यांचा क्रम

पुण्याहून श्टुटगार्टला आलो तेव्हा थोरली पाच वर्षांची होती आणि धाकटा अडीच. चाकण आणि श्टुटगार्ट ही दोन गावं गाड्यांच्या धंद्याने जोडलेली, त्यामुळे आमच्या आधी आलेली मराठी घरं इथे बरीच होती. प्रत्येकाने प्रेमाने काही ना काही सांगितलं, पण आधी काय आणि नंतर काय हे कुणी सांगितलं नाही. इथे एका कागदावर दुसरा कागद अवलंबून असतो. पहिला राहिला की चौथा दोन महिने अडतो. मुलांचंही तसंच असतं, एक पायरी पक्की झाल्याशिवाय ती पुढच्या पायरीवर पाय ठेवत नाहीत. म्हणून आम्हाला ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहिते आहे. शाळेचे आणि किटाचे, म्हणजे पाळणाघर-बालवाडीचे, नियम राज्याप्रमाणे बदलतात. मी बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यातलं सांगते आहे. बाकीचं बहुतेक सगळं जर्मनीभर लागू आहे.

निघण्याआधी

सगळ्यात आधी मुलांच्या पासपोर्टवरचं नाव पाहा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची रीत आहे, आणि पासपोर्टात वडिलांचं नाव बहुतेक वेळा मुलाच्या नावालाच जोडलेलं असतं. जर्मन कार्यालयाला ‘सई अमोल’ ही दोन्ही त्या मुलीचीच नावं वाटतात. मग डॉक्टरकडे, किटात, विम्याच्या कार्डावर ती ‘सई अमोल’ होते आणि कुणीतरी तिला दवाखान्यात ‘अमोल’ म्हणून हाक मारतं. पासपोर्ट अजून काढायचा असेल तर मुलाच्या नावाच्या रकान्यात फक्त मुलाचं नाव ठेवायचं का, याचा नीट विचार करा. काढून झाला असेल तर आता बदलायच्या फंदात पडू नका. प्रत्येक अर्जावर पासपोर्टात आहे तसंच लिहा आणि शिक्षकांना ‘रूफनामे’, म्हणजे हाक मारायचं नाव, वेगळं सांगा. आईचं आडनाव वेगळं असेल तर मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला नेहमी हाताशी ठेवा.

जन्मदाखल्यांच्या मूळ प्रती हातातल्या सामानात घ्या. जर्मन भाषांतर लागलं तर ते शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून लागतं, आणि तो इथेही मिळतो.

लसीकरणाचं कार्ड हे मुलाच्या दृष्टीने पासपोर्टइतकंच महत्त्वाचं आहे. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत गोवर प्रतिबंधाचा कायदा लागू आहे. एक वर्षावरच्या मुलाला गोवराचा एक डोस आणि दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस झाल्याचा पुरावा नसेल, तर किटात प्रवेश मिळत नाही. आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून तारखा आणि लसींची पूर्ण नावं सुवाच्य इंग्रजीत लिहून, शिक्का मारून घ्या. बीसीजी दिली आहे हेही त्यात येऊ द्या. जर्मनीत ती 1998 पासून सरसकट देत नाहीत, त्यामुळे दंडावरचा व्रण पाहून इथले डॉक्टर विचारतात.

सामानात थंडीचे कपडे भरू नका. मुलांचे उत्तम जॅकेट, बूट इथे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात फार स्वस्तात मिळतात आणि ते इथल्या थंडीसाठीच शिवलेले असतात. ती जागा मराठी गोष्टींच्या पुस्तकांना द्या. कुकर आणलात तर इंडक्शनवर चालेल असा, सपाट बुडाचा आणा. आणि मुलं ज्या गोधडीत झोपतात ती गोधडी आणाच. नव्या घरात अजून पलंगही आला नव्हता, जमिनीवर गाद्या होत्या, पण आजीच्या साडीची गोधडी अंगावर होती म्हणून पहिल्या रात्री दोघंही झोपली.

पत्ता आणि नोंदणी

सुरुवातीला बहुतेक जण काही महिन्यांसाठी सामानासकट घर घेतात. करार करण्याआधी एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंद, करता येईल का? उत्तर नाही असेल तर घर कितीही छान असो, सोडून द्या. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक फॉर्म लागतो. कार्यालयाची वेळ आधी घ्यावी लागते. मोठ्या शहरात ती लवकर मिळत नाही, म्हणून भारतातून निघण्याआधीच ऑनलाइन शोधायला लागा. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे, बिचकू नका.

या नोंदणीनंतर काही आठवड्यांत टपालाने प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, अकरा आकडी कर क्रमांक येतो. इथे एक साधी गोष्ट फार जणांची राहते. टपालपेटीवर आणि घंटीवर तुमचं आडनाव लावलेलं नसेल तर टपाल परत जातं. पोस्टमन घर क्रमांक पाहत नाही, नाव पाहतो. पहिल्या संध्याकाळी कागदावर नाव लिहून चिकटवा.

व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो, तोही प्रत्येक मुलासाठी वेगळा. मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, म्हणून तो किती उरला आहे ते आत्ताच पाहून ठेवा. या राज्यातल्या लोकांसाठी नूतनीकरण म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं.

कायमचं घर शोधताना भाड्याचे दोन आकडे दिसतील. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं, ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात पाणी, हीटिंग वगैरे धरून. अनामत रक्कम नुसत्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती आणि नळाची जोडणी एवढंच असतं. ओटा, सिंक, शेगडी आधीचा भाडेकरू काढून नेतो. लहान मुलं असतील तर स्वयंपाकघर बसवलेलं घर थोडं महाग पडलं तरी तेच घ्या असं मी सांगेन.

विमा, डॉक्टर आणि पहिला हिवाळा

सरकारी आरोग्य विमा घ्यायचा की खासगी, हा निर्णय पहिल्या पगाराच्या आधी होतो आणि नंतर फिरवणं फार अवघड जातं. सरकारी विम्यात मुलं आणि न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात येतात. खासगीत प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा. एकट्या माणसाला खासगी स्वस्त वाटू शकतो, पण दोन मुलांच्या कुटुंबाने कागद-पेन घेऊन पुढच्या दहा वर्षांचा हिशेब करावा.

त्याच आठवड्यात ‘किंडरआर्ट्स्ट’, म्हणजे मुलांचा डॉक्टर, शोधायला लागा. मूल आजारी पडल्यावर शोधू नका. बरेच दवाखाने नवीन मुलं घेत नाहीत, आम्हाला सातव्या फोनवर होकार मिळाला. इथे ठरावीक वयाला ठरावीक तपासण्या असतात. त्यांना यू-1 ते यू-9 म्हणतात, आणि त्यांची नोंद एका पिवळ्या वहीत होते. तुमचं मूल मध्येच आलं असलं तरी वही मागून घ्या आणि त्या वयाच्या तपासणीची वेळ ठरवा. किटा ही वही दाखवायला सांगतं.

पहिल्या हिवाळ्यात मुलं सतत आजारी पडतात. दर दोन-तीन आठवड्यांनी सर्दी, ताप, खोकला. घाबरू नका. डॉक्टर बहुधा सांगतात की पाणी पाजा, विश्रांती द्या, तीन दिवसांनी या. पुण्यात पिशवीभर औषधं घेऊन घरी यायची सवय असेल तर हे दुर्लक्ष वाटतं. मलाही वाटलं होतं. पण ते मुलाला नीट तपासतात आणि गरज असेल तेव्हा अँटिबायोटिक देतात. तापाचं औषध लहानग्यांना बरेचदा गुदद्वारातून द्यायच्या छोट्या वडीच्या रूपात मिळतं. ते नको असेल तर सिरप मागा. साधी औषधंही डॉक्टरांकडून लिहून घ्या. सरकारी विम्यात बारा वर्षांखालच्या मुलांना चिठ्ठीवर लिहिलेली बरीचशी औषधं फुकट मिळतात.

मूल आजारी असताना घरी राहण्यासाठी सध्या प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे वर्षाला पंधरा कामाचे दिवस मिळतात. पालक आणि मूल दोघंही सरकारी विम्यात असले पाहिजेत. डॉक्टरकडून त्यासाठीचा दाखला घ्यायचा. हे दिवस घ्यायला संकोच करू नका, इथे सगळे घेतात.

फ्रिजवर तीन नंबर लावा: जीवघेण्या संकटासाठी 112, दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर 116117, आणि मुलाने काही विषारी गिळलं तर फ्रायबुर्गचं विषबाधा केंद्र 0761-19240. श्टुटगार्टात मुलांचं मोठं रुग्णालय ओल्गाहॉस्पिटाल आहे. लोक त्याला लाडाने ‘ओल्गेले’ म्हणतात.

आणखी एक विमा लगेच घ्या, ‘हाफ्टफ्लिष्ट’. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो. कायद्याने सात वर्षांखालचं मूल स्वतः जबाबदार धरलं जात नाही, त्यामुळे साध्या पॉलिसीत त्याने केलेलं नुकसान बसतंच असं नाही. सात वर्षांखालची मुलं त्यात धरली आहेत ना, हे विचारून घ्या.

किंडरगेल्ड

सरकार प्रत्येक मुलामागे दरमहा पैसे देतं, 2026 पासून 259 युरो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कर क्रमांक आणि निवास परवाना आला की ‘फामिलिएनकासे’कडे, म्हणजे हे पैसे देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, अर्ज करा. मागचे पैसे सहाच महिन्यांपर्यंतचे मिळतात, म्हणून पुढे ढकलू नका.

किटा

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघराची किंवा बालवाडीची जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क 1 ऑगस्ट 2013 पासून आहे. तरी जागा कमी आणि यादी मोठी. पत्त्याची नोंद झाली त्याच दिवशी शहराच्या पोर्टलवर अर्ज टाका, आणि तिथेच थांबू नका. जवळपासच्या किटांमध्ये मुलाला घेऊन प्रत्यक्ष जा, ओळख करून द्या, महिन्याने पुन्हा विचारा. चर्चच्या किटा दुसऱ्या धर्माच्या मुलांनाही घेतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी ‘टागेसमुटर’ हाही चांगला पर्याय आहे. ती बाई आपल्या घरी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळते. आमच्या धाकट्यासारख्या घाबऱ्या मुलाला मोठ्या गटापेक्षा ते घर सोपं जातं.

जागा मिळाली की ‘आइनगेव्योनुंग’ सुरू होतं, म्हणजे मुलाला सवय लावण्याचा काळ. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर मुलासोबत वर्गात बसून राहतात. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जातात. मूल शिक्षिकेकडून शांत झालं तर वेळ वाढत जाते, नाही झालं तर पुन्हा मागे येतात. याला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नोकरी सुरू होण्याची तारीख याच्यानंतरची ठेवा. आम्ही ती आधीची ठेवली होती आणि त्याची किंमत मुलाने मोजली. दुसऱ्या आठवड्यात मला घाई होती, तो रडत असताना मी निघाले, आणि पुढचे वीस दिवस तो किटाच्या दाराशीच बसून राहिला. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली. मूल खेळण्यात गुंतलेलं असताना गुपचूप सटकणं, जे आपल्याकडे सर्रास करतात, ते इथे करू देत नाहीत. मला आता ते पटलं आहे. निरोप घेऊनच निघायचं.

दुसऱ्या खेपेला एक गोष्ट केली, ती सगळ्यांना सांगते. शिक्षिकेला पंधरा मराठी शब्द रोमन लिपीत लिहून दिले, समोर जर्मन अर्थ: पाणी, शू, शी, भूक, दुखतंय, झोप, भीती वाटते, आई येणार. तिने तो कागद कपाटाच्या दारावर लावला. चार दिवसांनी मी घ्यायला गेले तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन ‘आई येनार, आई येनार’ म्हणत थोपटत होती. त्या दिवसापासून तो तिचा झाला.

थोरली वेगळी. ती रडली नाही, पण साडेचार महिने वर्गात एक शब्द बोलली नाही. नव्या भाषेत पडलेली मुलं असा मुका काळ काढतात, तेव्हा ती ऐकून साठवत असतात. या काळात घरी ‘आज काय जर्मन शिकलीस, बोलून दाखव’ असं विचारू नका. त्याऐवजी कुणाशी खेळलीस, काय खाल्लंस हे मराठीतून विचारा. एका सकाळी बूट घालताना तिने शेजारच्या मुलाला अख्खं वाक्य सुनावलं, ‘ती माझी खुंटी आहे.’

किटात लागणाऱ्या वस्तू: आत घालायच्या चपला, चिखलात खेळायची रबरी विजार म्हणजे ‘माट्शहोजे’, रबरी बूट, बदलायच्या कपड्यांचे दोन जोड, आणि डबा. प्रत्येक वस्तूवर नाव. पावसातही मुलांना बाहेर नेतात, त्याला विरोध करू नका, कपडे चांगले द्या. डब्यात पोळीचा तुपसाखर घातलेला रोल आमच्याकडे सगळ्यात यशस्वी ठरला. शाकाहारी असाल तर अंडं, मासे आणि जिलेटिन यांचं वेगवेगळं लिहून द्या. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या गमी-बेअरमध्ये जिलेटिन असतं, आणि ते बहुतेक वेळा डुकराचं असतं, हे शिक्षकांच्या लक्षात येत नाही. आणखी एक, बोलायला अवघड पण गरजेचं. इथे संडासात पाणी नसतं, कागद असतो. किटा सुरू होण्याआधी घरी त्याची सवय लावा, नाहीतर मूल दिवसभर शी दाबून ठेवतं.

शाळा

बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये 30 जूनपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्या सप्टेंबरात पहिलीत जातं. शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवायची परवानगी नाही. प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून कायमचं घर शोधताना शाळाही पाहा. मोठ्या वयाच्या, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी भाषेचे तयारी वर्ग असतात. 2026 च्या शालेय वर्षापासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा हक्क मिळतो, तो पुढे वर्षागणिक वरच्या इयत्तांना लागू होईल.

सहा वर्षांची मुलं इथे एकटी चालत शाळेत जातात. आपल्याला धस्स होतं. उन्हाळ्यात तोच रस्ता मुलीसोबत रोज चाला, मग तिला पुढे चालू द्या आणि तुम्ही मागे राहा, मग कोपऱ्यावर थांबा. आम्हाला सहा आठवडे लागले.

भारताची तिकिटं शाळेच्या सुट्टीतच काढा. स्वस्त पडतं म्हणून सुट्टीच्या चार दिवस आधी निघालात तर दंड होऊ शकतो.

घरी राहणाऱ्या पालकासाठी

बहुतेक घरांत ही आई असते. नवऱ्याला ऑफिस मिळतं, मुलांना किटा मिळतं, आणि तिच्या वाट्याला साडेचार वाजता मावळणारा डिसेंबर येतो. ब्लू कार्ड हा उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, तो असलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करायची पूर्ण मुभा असते आणि व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अटही नसते. पण अट नाही म्हणून भाषा टाळली तर पुढची सगळी दारं जड होतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात एक पातळी करून या. इथे सहाशे तासांचा भाषावर्ग आणि जर्मनीची ओळख करून देणारा शंभर तासांचा वर्ग मिळून ‘इंटेग्रात्सिओन्सकुर्स’ असतो. त्याच्या वेळा घराच्या वेळापत्रकात सगळ्यात आधी लिहा, उरलेल्या वेळात नाही. मूल लहान असेल तर वस्तीतल्या पालक-मूल केंद्रात आठवड्यातून एक सकाळ जा. रांगणाऱ्या बाळांचे गट असतात, कॉफी असते, आणि चुकीचं जर्मन ऐकून घेणाऱ्या बाया असतात. माझी इथली पहिली मैत्रीण तिथेच भेटली.

वाहन परवान्याचंही पाहा. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. दोघांनीही द्या, एकाने नाही. बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलांना गाडीत वेगळं आसन सक्तीचं आहे.

शेजार

रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज नको: ड्रिल नाही, मिक्सरही शक्यतो नाही. रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारीच आणा. आमच्या भागात ‘केअरवोखे’ असते, म्हणजे जिना आणि अंगण झाडायची आठवड्याची पाळी. दारावर पाटी लटकली की तुमची पाळी आली. ती मनापासून पाळा, त्याने जेवढी मनं जिंकता येतात तेवढी मिठाईच्या डब्याने नाही. फोडणीचा वास आणि कुकरची वाफ घरात कोंडू देऊ नका. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडा, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि अनामत रकमेतून खर्च जातो.

मराठी आणि आजी-आजोबा

किटातल्या शिक्षिकेने आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं, घरी तुमचीच भाषा बोला. आपल्या मोडक्या जर्मनने मुलांचं जर्मन सुधारत नाही, मराठी मात्र जाते. ती जाते तेव्हा कळतही नाही. आधी मूल उत्तर जर्मनमध्ये देतं, आपण समजून घेतो, आणि वर्षभरात आजीशी फोनवर बोलायला त्याच्याकडे शब्द उरत नाहीत. म्हणून मुलाने जर्मनमध्ये विचारलं तरी उत्तर मराठीत द्या, न रागावता, रोज. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती होतो, मुलांना तिथे आपल्यासारखी मुलं दिसतात.

दिवाळीच्या आसपासच किटात कागदी कंदील बनवायला घेतात, 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या मिरवणुकीसाठी. आम्ही त्या आठवड्यात शिक्षिकेला विचारून कामट्या आणि जिलेटिनचा कागद नेला आणि आकाशकंदील करून दाखवला. थोरली त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात मोठ्याने बोलून सांगत होती, कुठे काय चिकटवायचं ते.

फोनची वेळ ठरवून टाका. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. किटातून चार वाजता आलेलं मूल खाऊ खात असतं तेव्हा तिकडे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात, आजी-आजोबा घरातच असतात. फोन ताटाजवळ टेकवून ठेवा आणि मुलाला ‘बोल, बोल’ म्हणू नका. त्यांना एकमेकांचं जेवण पाहू द्या.

त्यांना इथे बोलवायचं असेल तर व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो. किमान तीस हजार युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, आणि खर्च तुम्ही उचलणार असाल तर इथल्या कार्यालयातून हमीपत्र घेऊन मूळ प्रत भारतात पाठवावी लागते. मे-जूनमध्ये बोलवा. दिवस रात्री नऊपर्यंत असतो आणि बागेत जाता येतं. त्यांच्या खिशात घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आणि एक घराची किल्ली ठेवा. इथली दारं मागे ओढली की आपोआप बंद होतात, आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत.